हार्ड डिस्क भरली : काय काढावे, काय राखावे?

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यात बिद्री हे गाव आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव सर्वपरिचित झाले. साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. गाळपातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू टाकाऊ नसते आणि प्रत्येक वस्तू गोदामात ठेवण्याजोगीही नसते. या जिल्ह्यात शंभर किलो उसापासून साधारणतः बारा किलोच्या आसपास साखर मिळते. बगॅस मात्र त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे २८ ते ३० किलो निघतो. बगॅस बॉयलरकडे जातो, मोलॅसिस टाकीत साठते, प्रेसमड खतासाठी जाते आणि साखर गोदामात पोहोचते. सर्वांत मोठा ढीग हा सर्वांत मोलाचा नसतो. घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क भरते तेव्हा नेमका हाच विवेक लागतो.

डिस्क भरत आल्याची सूचना पडद्यावर झळकू लागली, की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. सर्वांत जुने किंवा अनोळखी नावाचे फोल्डर उघडले जाते आणि पुसून टाकले जाते. या घाईत मिळणारी जागा पुष्कळदा अल्प असते. जाते ते मात्र कधीकधी पुन्हा न मिळणारे असते. आजोबांच्या हस्ताक्षरातील वाटणीपत्राचे स्कॅन, घरच्या लग्नाची चित्रफीत, दुकानाचा जुना हिशेब या गोष्टी बाजारात विकत मिळत नाहीत. म्हणूनच जागा मोकळी करण्याचा पहिला नियम आकारमानाचा नाही. कोणत्याही फाइलीबाबत 'ही किती मोठी?' हा प्रश्न दुसरा असावा. 'ही पुन्हा मिळेल का?' हा पहिला.

जागा जाते कुठे?

५०० गीगाबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क संगणकात ४६५ गीगाबाइटच दाखवते, तेव्हा अनेकांना फसवणुकीची शंका येते. ती निराधार आहे. डिस्कचे उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माप बदलले, वस्तू तीच. यातला काही भाग कार्यप्रणाली स्वतःसाठी घेते. विंडोज ११ साठी किमान ६४ गीगाबाइट साठवणक्षमतेची अट मायक्रोसॉफ्टने घातली आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या संगणकावरून नव्या प्रणालीकडे वळणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे जागेचा प्रश्न आता नव्याने उभा राहिला आहे.

उरलेली जागा कोण खाते, हे पाहण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणपद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. एका पानावर दोन हजार चिन्हे धरली, तर तीनशे पानांचा मजकूर पावणेदोन मेगाबाइटच्या आसपास भरतो. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याहून मोठे असू शकते. मोबाइलवरच उच्च दर्जाने, म्हणजे 'फोर-के' पद्धतीने केलेले एका मिनिटाचे चित्रीकरण दीडशे ते चारशे मेगाबाइट घेते. थोडक्यात, एका मिनिटाच्या चित्रफितीच्या जागेत अशी शंभरएक पुस्तके सहज मावतील. पत्रे, अर्ज, हिशेबाचे तक्ते आणि नोंदी पुसून डिस्क मोकळी करण्याचा प्रयत्न म्हणूनच व्यर्थ असतो. त्यातून जागा मिळत नाही आणि घराची स्मृती तेवढी जाते.

तीन वर्ग, तीन वागणुकी

डिस्कवरील सर्व सामग्री तीन वर्गांत विभागता येते. पहिला वर्ग संगणकाने आपल्या सोयीसाठी आपोआप तयार केलेल्या फाइलींचा. इंटरनेट पाहताना साठलेली पाने, छायाचित्रांच्या लहान प्रतिमा, अद्ययावतीकरणाचे उरलेले अवशेष हे सारे यात मोडते. या फाइली पुसल्या तरी गरज पडताच संगणक त्या पुन्हा तयार करतो.

दुसरा वर्ग पुन्हा मिळवता येणाऱ्या वस्तूंचा. प्रोग्रॅमच्या स्थापनेच्या फाइली, उतरवून घेतलेले चित्रपट, शासकीय संकेतस्थळावरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, विजेच्या बिलाची प्रत इत्यादी. यांना पुसण्यापूर्वी एवढेच तपासावे, की मूळ ठिकाणी ती वस्तू अद्याप उपलब्ध आहे.

तिसरा वर्ग घराबाहेर कुठेही नसलेल्या गोष्टींचा. स्वतः काढलेली छायाचित्रे, स्वतः लिहिलेला मजकूर, स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे, ध्वनिमुद्रित आवाज. या वर्गातील काहीही जागेसाठी पुसू नये. ते अन्यत्र हलवावे, आणि हलवण्याचीही एक रीत आहे. ती पुढे येईल.

प्रथम काय काढावे?

विंडोजमध्ये 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' आणि त्याखालील 'स्टोअरेज' हा विभाग उघडल्यास कोणत्या प्रकारच्या सामग्रीने किती जागा व्यापली आहे, याची यादी समोर येते. बाहेरचा कोणताही प्रोग्रॅम उतरवून घेण्याआधी ही यादी नीट वाचावी. त्यातील 'टेम्पररी फाइल्स' या ओळीवर क्लिक केले असता पहिल्या वर्गातील बहुतेक फाइली एकत्र दिसतात. अद्ययावतीकरणाचे अवशेष, तात्पुरत्या इंटरनेट फाइली आणि लघुप्रतिमा निःशंकपणे काढता येतात.

याच यादीत तीन ओळी मात्र डोळे उघडे ठेवून वाचाव्या लागतात. पहिली 'डाउनलोड्स'. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या सगळ्या फाइली या फोल्डरात पडतात आणि पुष्कळजण त्या दुसरीकडे न हलवता तेथेच वापरत राहतात. मुलाचे गुणपत्रक, बँकेचे विवरण, नातेवाइकांनी ई-मेलने पाठवलेली छायाचित्रे तेथेच असू शकतात. ही ओळ निवडली, की ते सारे कचऱ्याबरोबर जाते. दुसरी ओळ 'रिसायकल बिन'. ही टोपली रिकामी करण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. तिसरी 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'. प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावर जुनी आवृत्ती एका वेगळ्या फोल्डरात ठेवली जाते आणि काही दिवसांनी, सामान्यतः दहा दिवसांनी, विंडोज ती स्वतः काढून टाकते. हे फोल्डर कित्येक गीगाबाइटचे असते, म्हणून ते काढण्याचा मोह होतो. परंतु नवी आवृत्ती नीट चालते आहे आणि आपल्या सर्व फाइली जागेवर आहेत, याची खात्री होण्यापूर्वी ते काढल्यास मागे परतण्याची वाट बंद होते.

संगणकाच्या स्मृतीतील चालू काम डिस्कवर उतरवून ठेवणारी 'हायबरनेशन'ची फाइलही मोठी असते. ही सोय कधीच वापरली जात नसेल, तर ती बंद करता येते. बंद केल्यावर विंडोज ती फाइल स्वतः काढते. हाताने पुसण्याची ती वस्तू नव्हे. शिवाय ती बंद केल्यास संगणक चटकन सुरू होण्याची सोयही जाते, हे ध्यानात ठेवावे.

प्रोग्रॅम काढताना

न वापरले जाणारे प्रोग्रॅम आणि खेळ काढल्याने भरघोस जागा मिळते. मात्र ते 'सेटिंग्ज'मधील प्रोग्रॅमच्या यादीतूनच काढावेत. थेट फोल्डर पुसल्यास प्रोग्रॅमचे तुकडे इतरत्र उरतात आणि कधीकधी त्याहून मोठे नुकसान होते. हिशेबाच्या काही प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांत वर्षांचा हिशेब प्रोग्रॅमच्याच फोल्डरात, 'डेटा' नावाच्या उपफोल्डरात साठवला जात असे. टॅली वापरणाऱ्या दुकानदारांना ही रचना परिचित आहे. जुनी आवृत्ती आता चालत नाही म्हणून संपूर्ण फोल्डर काढले, तर त्यासोबत दहा वर्षांच्या खतावण्याही जातात.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. फाइल शाबूत राहते, पण ती उघडणारा प्रोग्रॅम जातो. महाराष्ट्रातील असंख्य लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल आणि छोटी पुस्तके पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये तयार झाली. त्याची ७.० ही मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्यानंतर अडोबी कंपनीने त्याचा विकास थांबवला. अशा फाइली घरात असतील, तर पेजमेकर काढण्यापूर्वी त्या एकेक करून उघडाव्यात आणि पीडीएफ स्वरूपात साठवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे खरे. परंतु प्रोग्रॅम गेल्यानंतर ते करण्यासाठी तो चालणारा दुसरा संगणक शोधत फिरावे लागते.

मराठी फाइलींना असलेला विशेष धोका

कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात संगणक तसा लवकर आला. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला आणि कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाद्वारे सहकारी संस्थांशी जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. पुढे २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना संगणकासमोर बसवले. त्या काळात टंकित झालेला मराठी मजकूर आजही अनेक घरांतील, पतसंस्थांतील आणि शाळांतील डिस्कवर पडून आहे. जागा मोकळी करताना पहिला बळी पडण्याची भीती याच मजकुराला असते.

याचे कारण फॉन्टमध्ये आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान होते. परंतु घरोघरच्या संगणकांवर तिचा वापर रुळायला पुष्कळ वर्षे गेली. तोवर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट सर्वत्र वापरले जात. या फॉन्टची युक्ती अशी, की फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवले जातात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. मराठीपण फाइलीत नसते. ते फॉन्टमध्ये असते. फॉन्ट काढला, की तोच मजकूर इंग्रजी अक्षरे, कंस आणि अर्थहीन खुणांची रांग बनून समोर येतो. अशी फाइल पाहणारी पुढची व्यक्ती ती बिघडली आहे असे समजून पुसून टाकते. अशा रीतीने एक अनवधान दुसऱ्या अनवधानाला जन्म देते.

गंमत अशी, की फॉन्ट काढून जागा जवळपास मिळतच नाही. एक जुना देवनागरी फॉन्ट साधारणतः काही डझन किंवा शेकडो किलोबाइटचा असतो. एका छायाचित्राच्या जागेत असे कित्येक फॉन्ट राहू शकतात. म्हणून जुन्या संगणकावरचा फॉन्टचा संग्रह कधीही काढू नये. उलट जुन्या मराठी फाइलींसोबत त्याचीही एक प्रत जपून ठेवावी.

कायमचा उपाय दुहेरी आहे. महत्त्वाचा मजकूर मूळ फॉन्ट असलेल्या संगणकावर उघडून त्याची पीडीएफ प्रत करावी आणि फॉन्ट त्या प्रतीत अंतर्भूत केला आहे याची खात्री करून घ्यावी. असा मजकूर कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा वाचता येतो. त्याचबरोबर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, म्हणजे त्यात शब्द शोधता येतात आणि दुरुस्ती करता येते. रूपांतर करून देणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र प्रत्येक फॉन्टची संकेतरचना वेगळी असल्याने त्या-त्या फॉन्टचेच साधन वापरावे लागते. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार या ठिकाणी चुका राहतात, त्यामुळे रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालणे अपरिहार्य आहे. मूळ फाइल त्यानंतरही ठेवावी. तिने व्यापलेली जागा नगण्य असते.

कोठे हात घालू नये?

'विंडोज' नावाच्या फोल्डरातील काहीही हाताने पुसू नये. त्यातील 'विन-एस-एक्स-एस' हे उपफोल्डर अवाढव्य दिसते, पण त्यातील अनेक फाइली इतरत्र दिसणाऱ्या फाइलींच्याच नोंदी असतात. दाखवला जाणारा आकार प्रत्यक्षात व्यापलेल्या जागेपेक्षा मोठा असतो. त्याची सफाई विंडोजच्या साधनांवरच सोपवावी. 'इन्स्टॉलर' हे दडवलेले उपफोल्डरही तसेच. ते पुसले तर संगणक त्या दिवशी सुरळीत चालतो. काही महिन्यांनी एखादा प्रोग्रॅम अद्ययावत करताना किंवा काढताना तो अडतो, तेव्हा कारणही कोणाच्या लक्षात येत नाही.

'एका क्लिकमध्ये संगणक स्वच्छ' असे आश्वासन देणाऱ्या प्रोग्रॅमबाबत सावध राहावे. विंडोजची रजिस्ट्री म्हणजे प्रणालीच्या नोंदींचे दप्तर. ते साफ केल्याने जागा फारशी मिळत नाही आणि अशा साधनांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. नामवंत साधनेही संकटापासून मुक्त नसतात. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रॅमच्या एका आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक भाग घुसवला होता आणि ती आवृत्ती अधिकृत मार्गाने वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. घर झाडण्यासाठी बोलावलेल्याच्या हाती किल्ल्या असतात, हे संगणकाच्या बाबतीतही विसरून चालत नाही. 'तुमची डिस्क धोक्यात आहे, या क्रमांकावर संपर्क साधा' अशी सूचना संकेतस्थळावर अचानक उघडली, तर ती बंद करावी. संगणक स्वतः कधीही दूरध्वनी करायला सांगत नाही.

एकाच छायाचित्राच्या अनेक प्रती शोधून काढणाऱ्या साधनांचा उपयोग होतो; पण पुसण्याचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आणि कॅमेऱ्यातील मूळ प्रत दिसायला सारखी असते. पहिली आकाराने लहान, म्हणून ती ठेवून मूळ प्रत काढली तर छायाचित्राचा दर्जा कायमचा जातो. 'ही जास्तीची प्रत असणार' हे गृहीतक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण मायक्रोसॉफ्टनेच घालून दिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये वितरित झालेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत, ज्यांनी 'डॉक्युमेंट्स'सारखी फोल्डरे दुसरीकडे हलवली होती त्यांची जुनी जागा रिकामी असेल असे धरून ती काढून टाकण्याची व्यवस्था होती. काहींच्या त्या जुन्या जागेत फाइली होत्या आणि त्या नाहीशा झाल्या. कंपनीला काही दिवसांतच वितरण थांबवावे लागले व दोष दूर करून नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले.

हलवण्याची रीत

तिसऱ्या वर्गातील सामग्री बाहेरच्या डिस्कवर हलवताना 'कट' आणि 'पेस्ट' वापरू नये. मध्येच वीज गेली किंवा जोडणी सुटली, तर कोणती फाइल कोठे पोहोचली याचा गोंधळ उडतो. प्रथम 'कॉपी' करावी. दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार पडताळावा. बाहेरच्या डिस्कवरील काही फाइली, विशेषतः मोठ्या चित्रफिती, मध्यभागापासून व शेवटापासून चालवून पाहाव्यात. त्यानंतर दुसरी प्रत आणखी एका ठिकाणी करावी. या दोन प्रती तयार झाल्यावरच मूळ ठिकाणची फाइल काढावी. बाहेरच्या एकमेव डिस्कवर सारे ठेवून मूळ प्रत पुसणे म्हणजे जतन नव्हे. ती डिस्क हातातून पडली, की सर्व संपते.

दुसरी प्रत घराबाहेर असावी, हे कोल्हापूरकरांना पटवून द्यावे लागणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनी पंचगंगेच्या पाण्याने काय होते ते जिल्ह्याला दाखवले. संगणक आणि त्याच्या शेजारच्या कपाटात ठेवलेली जतनाची डिस्क एकाच पाण्यात बुडते. एक डिस्क पुण्यातील मुलीकडे किंवा दुसऱ्या गावच्या भावाकडे ठेवावी आणि दिवाळीला किंवा गणपतीला भेट होईल तेव्हा ती अद्ययावत करावी. एवढी साधी व्यवस्थाही पुरेशी ठरते. शासकीय कागदपत्रांच्या प्रती व ओळखपत्रे असलेली डिस्क असेल, तर तिला परवलीचा शब्द लावावा.

इंटरनेटवरील साठवणही उपयोगी आहे, मात्र तिचे स्वरूप समजून घ्यावे. गूगल आपल्या खात्यात १५ गीगाबाइट आणि मायक्रोसॉफ्टची वनड्राइव्ह ५ गीगाबाइट जागा विनामूल्य देते. गूगल फोटोजमधील अमर्याद विनामूल्य साठवणूक १ जून २०२१ पासून बंद झाली. याहून महत्त्वाचे म्हणजे, वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरातील फाइल संगणकावर पुसली तर ती इंटरनेटवरूनही पुसली जाते, कारण दोन्ही ठिकाणे परस्परांचे प्रतिबिंब असतात. संगणकावरची जागा तेवढी मोकळी करायची असेल, तर त्या फाइलीवर उजवे क्लिक करून 'फ्री अप स्पेस' हा पर्याय निवडावा. फाइल इंटरनेटवर राहते, संगणकावर केवळ तिचे नाव दिसते. पूर्वीची फाइल परत मिळण्यासाठी वनड्राइव्हच्या टोपलीत काही काळ संधी असते. पण त्यावर विसंबून काम करू नये.

जतनाची प्रत असणे आणि ती उघडणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पिक्सार या चित्रपटसंस्थेत १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. जतनाची व्यवस्था होती; परंतु ती नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. संस्थेतील एका तंत्रदिग्दर्शिकेने लहान मुलाच्या संगोपनासाठी घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवली होती, तिने तो सावरला. मोठ्या संस्थेची ही गत, तर घरच्या डिस्कची वर्षातून एकदा तपासणी करणे फार झाले असे कोणी म्हणणार नाही.

चुकून पुसले गेल्यास

साधारणतः पुसलेली फाइल प्रथम रिसायकल बिनमध्ये जाते. 'शिफ्ट' कळ दाबून पुसलेली किंवा पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र तेथे जात नाही. जुन्या पद्धतीच्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर फाइल पुसली तरी तिचा मजकूर लगेच नष्ट होत नाही; केवळ ती जागा रिकामी असल्याची नोंद होते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फाइल परत मिळण्याची शक्यता असते. म्हणूनच चूक ध्यानात येताच त्या डिस्कवर काहीही नवे साठवू नये. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्रॅमही तिच्यावर उतरवू नये. संगणक बंद करून डिस्क जाणकाराकडे न्यावी.

अलीकडच्या एसएसडी डिस्कवर ही सवलत फारशी उरत नाही. वेग टिकवण्यासाठी अशी डिस्क पुसलेली जागा पार्श्वभूमीवर खरोखरच रिकामी करत असते. त्यामुळे काही वेळातच फाइल परत मिळण्याची आशा मावळते. जुन्या डिस्कवर निष्काळजीपणा कधीकधी माफ होत असे. नव्या डिस्कवर तो होत नाही. फाइलींचे तुकडे एकत्र आणणारी 'डीफ्रॅगमेंट' प्रक्रियाही एसएसडीवर मुद्दाम करू नये. त्या डिस्कची योग्य ती देखभाल विंडोज स्वतः करते.

किती जागा मोकळी असावी?

डिस्कची दहा ते पंधरा टक्के जागा रिकामी राहिली, तर सामान्य घरगुती वापराला आणि प्रणालीच्या अद्ययावतीकरणाला अडचण येत नाही. त्याहून अधिक रिकामी जागा मिळवण्याच्या हव्यासात घरच्या फाइलींवर कुऱ्हाड चालवण्याचे कारण नाही. बाहेरच्या डिस्कची किंमत एका वेळची असते. गेलेल्या छायाचित्राची भरपाई कोणत्याही किमतीला होत नाही. सफाई सुरू करण्यापूर्वी प्रत, प्रतीची पडताळणी, मग संगणकाने निर्माण केलेला कचरा, त्यानंतर पुन्हा मिळणाऱ्या वस्तू आणि शेवटी मोठ्या चित्रफितींचे स्थलांतर, असा क्रम पाळला तर बहुतेक घरांचा प्रश्न एका सुटीच्या दिवशी सुटतो.

या कामाचा आणखी एक भाग अनेकदा राहून जातो. घरातला संगणक एकजण सांभाळतो आणि कोणती गोष्ट कोठे आहे, हे त्यालाच ठाऊक असते. 'नवीन फोल्डर (३)' अशा नावाच्या फोल्डरात घराण्याची वंशावळ आहे, हे इतरांना कळण्याचा मार्ग नसतो. जपायच्या सामग्रीला 'जमिनीची कागदपत्रे', 'आजीचा आवाज', 'लग्न २००४' अशी सरळ मराठी नावे द्यावीत, सर्व एका ठिकाणी ठेवावीत आणि ती जागा घरातील आणखी एका व्यक्तीला दाखवून द्यावी. पुढच्या वेळी जागा मोकळी करणारा हात वेगळा असू शकतो. काय पुसायचे नाही, हे त्या हाताला फोल्डरच्या नावावरूनच समजले पाहिजे.